मदत हवी आहे: जुनी फेरारी एफ३५५ घेण्याआधी काय काय तपासू? (यूके)

मूळपुरुष_रेडिंग

नमस्कार मंडळी, मी इंग्लंडात रेडिंगला असतो, मूळ पुण्याचा. बरीच वर्षं पैसे बाजूला टाकत आलोय आणि आता फेरारी एफ३५५ घ्यायचीच असं ठरवलंय. "घेऊ नकोस" हा सल्ला घरातून मुबलक मिळालाय, तो कृपया इथे नको.

दोन गाड्या शॉर्टलिस्ट केल्यात, दोन्ही राइट हँड ड्राइव्ह, दोन्ही मॅन्युअल. एक १९९६ ची बर्लिनेटा (पक्क्या छपराची), फक्त ९,००० मैल चाललेली, डीलरकडे आहे, चकाचक, आत बसलं की नवी वाटते. पण टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडमीट करवणारे पट्टे) सहा वर्षांपूर्वी बदललेत. डीलर म्हणतो गाडी चाललीच नाही तर बेल्ट झिजेल कशाला. दुसरी १९९८ ची जीटीएस (छप्पर काढता येणारी), ४१,००० मैल, कितीतरी वर्षं एकाच मालकाकडे, बिलांची फाइल ही एवढी जाड, बेल्ट मागच्या वर्षी झालेत. पण नाकावर दगडांचे टवके, सीटचं लेदर घासलेलं आणि एसीची बटणं हाताला चिकटतात. किंमत बर्‍यापैकी कमी. मन पहिलीकडे ओढतंय आणि डोकं दुसरीकडे.

विचारायचं हे की मी स्वतः काय बघू शकतो, मेकॅनिककडून काय करून घेऊ, आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमधून हवा किती गळते ते मोजणारी) खरंच लागते का? डीलर म्हणतो गरज नाही, चालवून बघा ना.

तेलकट_हात

लागते. नको म्हणत असेल तर तिथेच नमस्कार करून निघा.

बेल्टचं आधी सांगतो. बेल्ट रबराचा, तो मैलांनी झिजतो तसा वयानंही कडक होतो, म्हणून तीन वर्षांनी बदलायचा रिवाज आहे, गाडी चालो न चालो. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, म्हणजे इंजिन गेलंच. आणि ३५५ ला बेल्ट बदलायला अख्खं इंजिन गिअरबॉक्स आणि मागच्या सबफ्रेमसकट खाली उतरवावं लागतं, काही हजार पौंडांचं काम आहे. तेव्हा त्या ९,००० मैलवालीच्या किमतीत हा खर्च आजच मिळवून बघा, मग दोघींची तुलना करा.

दुसरं म्हणजे व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ती नळी. या व्ही८ ला सिलिंडरमागे पाच, एकूण चाळीस व्हॉल्व्ह. सुरुवातीच्या इंजिनांत गाइड ब्राँझचे होते, ते झिजतात, पुढे कारखान्यानं स्टीलचे घातले. तुमच्या कुठल्या गाडीत काय आहे ते वर्षावरून गृहीत धरू नका, सिलिंडर हेड (व्हॉल्व्ह असतात तो इंजिनाचा वरचा भाग) उघडल्याचं बिल असेल तर त्यात बघा. गाइड झिजला की व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही आणि हेच लीक-डाउनमध्ये कळतं. गरम इंजिनावर एकेक सिलिंडर घेऊन प्लगच्या भोकातून हवा भरतात आणि किती टक्के गळते ते मोजतात, एक्झॉस्टमधून फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल फिलरमधून आली तर पिस्टनच्या रिंग. सगळे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, एखादाच सिलिंडर फटकून वागत असेल तर प्रश्न विचारा. चालवून यातलं काही कळत नाही, ३५५ चालवताना माणूस आवाजानंच खुळा होतो.

एक्झॉस्टचे हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पहिले पाइप) पण बघायला सांगा, ओरिजिनल असतील तर तडकलेले असायची शक्यता भरपूर.

कोव्हेंट्रीची_मावशी

स्वतः बघायच्या गोष्टी:

मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंनी छपरापासून खाली उतरणारे ते पंखांसारखे पत्र्याचे खांब असतात ना, त्यांच्या बुडाशी पेंट फुगलाय का बघ. तिथे गंज धरतो आणि वरवर रंगवून झाकतात. डॅशबोर्डचं लेदर आकसून काचेच्या बाजूनं उचललंय का तेही बघ. चिकट बटणं सगळ्यांचीच होतात, त्या काळातल्या कोटिंगचा दोष आहे, साफ करून देणारे लोक आहेत, त्यावरून भाव पाड पण गाडी सोडू नकोस.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधी, डॅशवरचे सगळे दिवे लागून विझायला हवेत. एखादा लागतच नसेल तर तो गप्प केलेला असू शकतो. 'स्लो डाउन' चा दिवा मुद्दाम बघ, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) तापल्याची सूचना देणारा.

टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. कमी चाललेल्या गाडीवर हमखास म्हातारे टायर, नक्षी मात्र भरपूर! आणि सरकारी वेबसाइटवर नंबर टाकून एमओटीचा (दर वर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा) इतिहास काढ, फुकट आहे, दर वर्षीचे मैल आणि टेस्टरचे शेरे दोन्ही दिसतात. ते फाइलमधल्या बिलांशी ताडून बघ.

झणझणीत_कोल्हापुरी

भावा, एवढ्या पैशात पोर्शे ९११ ची ९९६ टर्बो घे की, ४२० हॉर्सपॉवर, रोज ऑफिसला ने, साध्या ९९६ च्या आयएमएस बेअरिंगची (ते फुटलं की इंजिन जातं) भानगड त्यात नाही. कूलंट पाइपचे चिकटवलेले जोड तेवढे पक्के करून घ्यायचे, बास.

मूळपुरुष_रेडिंग

@कोल्हापुरी, गाडी उत्तम आहे, वाद नाही, पण मला ८,५०० आरपीएमपर्यंत ओरडणारं इंजिन पाठीमागे हवंय. शहाणपणाचा व्यवहार करायचा असता तर हा धागाच काढला नसता.

@तेलकट_हात, डीलरला लीक-डाउनचं लेखी विचारलं. उत्तर आलं की "आम्ही इंजिनाला हात लावू देत नाही". जीटीएसवाले काका लगेच हो म्हणाले, वर विचारलं की मेकॅनिक तुमचा आणताय की माझा सांगू.

तेलकट_हात

मग झालं की. मेकॅनिक मात्र तुमचाच न्या, काका कितीही गोड असोत.

उभ्या गाडीचा लोकांना फार मोह पडतो, पण कपाटातल्या पैठणीसारखी ती घडीवरच विरते. सील सुकतात, पेट्रोलचे जुने होज चिरतात (आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळलं तर पुढचं सांगायला नको), शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्च्युएटर (कडकपणा बदलणाऱ्या मोटरी) अडकतात. ४१,००० मैल या इंजिनाला काही जास्त नाहीत.

जाताना काकांना आधीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका, थंड असतानाच ऐकायचंय. मागच्या इंजिन कव्हरला हात लावून खात्री करा. थंड गिअरबॉक्सला दुसरा गिअर जड जातो, त्याला घाबरू नका, पण तेल गरम झाल्यावरही खरखरला तर सिंक्रो (गिअर गुळगुळीत पडायला मदत करणारा भाग) गेलाय. ऑइल ड्राय संपचं आहे, म्हणजे वेगळ्या टाकीत राहतं, लेव्हल इंजिन गरम आणि चालू ठेवूनच बघायची, थंड्यात डिपस्टिक काढून "तेल कमी आहे" म्हणून ओतत बसू नका.

कोव्हेंट्रीची_मावशी

आणि इन्शुरन्स अ‍ॅग्रीड व्हॅल्यूचाच (किंमत आधीच ठरवलेला) घे, नाहीतर क्लेमच्या वेळी बाजारभावावरून हुज्जत घालत बसशील. पेट्रोल सुपर अनलेडेड ई५ (कमी इथेनॉलचं) घाल, जुन्या रबराला जास्त इथेनॉलचं ई१० नको. आणि लंडनात नेलीस तर यूलेझचे (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्काचे) दिवसाला साडेबारा पौंड जातील, ही युरो ४ या प्रदूषण मानकाच्या आधीची आहे.

मूळपुरुष_रेडिंग

शनिवारी सकाळी मेकॅनिकला घेऊन जातोय, लीक-डाउन तिथेच करणार, आकडे आले की आठही सिलिंडरचे इथे टाकतो. तोवर एकच, जीटीएसच्या काढता येणार्‍या छपराची सीलं अजून नवी मिळतात का हो?

तेलकट_हात

भाव विचारून ठेवा आणि तो काकांना सांगायच्या किमतीतून वजा करा.