डेन्व्हरचा सेकंद इंजिनाच्या माथी नको
ड्रॅग रेसमध्ये (सरळ पट्टीवरची पाव मैलाची शर्यत) समुद्रसपाटीजवळ चांगली वेळ देणारी तीच मस्टँग डेन्व्हरजवळच्या बँडिमियरला सेकंदभर मागे पडली म्हणून इंजिन उघडायला काढू नका. ती स्ट्रिप, म्हणजे शर्यतीची पट्टी (२०२३ पर्यंत चालू होती), साधारण ५,८०० फुटांवर. तिथे हवाच विरळ. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप) नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना अंदाजे ३ टक्के उतरते. करा हिशेब. टर्बोवाल्यांना एवढा फटका बसत नाही.

खरी वेळ जाते ती पहिल्या ६० फुटांत. टायर जागच्या जागी फिरून तिथे दशांश सेकंद गेला, की शेवटी दीड-दोन दशांश गेलेच समजा. स्लिपवर (शर्यतीनंतर मिळणारी वेळ-वेगाची चिठ्ठी) शेवटचा वेग नेहमीएवढाच आणि वेळ तेवढी जास्त दिसली, तर दोष टायरचा, नाहीतर उजव्या पायाचा. आणि हो, सुटायच्या हिरव्या दिव्यावर डुलकी लागली तरी ती या वेळेत धरत नाहीत. घड्याळ गाडी हलल्यावरच सुरू होतं.