शिसवी कपाटाची नवी पट्टी : रंग रसायनाने उतरवावा काय?

मूळ मत
नागपूरच्या महाल भागातील आमच्या घरी आजोबांचे शिसवी कपाट आहे. वर्षानुवर्षे खिडकीतल्या उन्हात राहिल्याने त्याची दर्शनी बाजू विटून तपकिरी झाली आहे. वाळवीने पोखरलेल्या तळपट्टीच्या जागी बसवायला आणलेली नवी पट्टी मात्र जांभळट काळी दिसते. सुताराने सगळे कपाटच घासून गडद करावे असे सुचवले. ते मला मुळीच मान्य नाही, कारण घासून गेलेला तो थर परत मिळणार नाही. त्याऐवजी पट्टी चिकटवण्यापूर्वी कॉस्टिक सोडा आणि तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइडने तिचाच रंग उतरवावा. रंग लावून लाकूड गडद करता येते, फिके करता येत नाही.

प्रतिसाद : विरोध
जुन्याला हात लावू नये, हे पटले. परंतु नव्या लाकडातले रंगद्रव्य एकदा नष्ट झाले की तेही परत येत नाही. शिवाय सोड्याचा अंश आत राहिला, तर लाखेचे पॉलिश त्यावर टिकत नाही, कारण लाख सोड्यासारख्या अल्कलीत विरघळते. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी केलेल्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचे १२ वे कलम सांगते, की बदललेला भाग एकूण रचनेशी जुळावा, पण मुळाहून वेगळा ओळखूही यावा. तेच येथे लागू करून पट्टी किंचित गडद राहू द्यावी.

प्रतिसाद : बाजूने
वेगळेपण पट्टीच्या मागे वर्ष लिहूनही दाखवता येते. दर्शनी काळा पट्टा कशाला? मी माझ्याकडच्या उरलेल्या तुकड्यावर हे करून पाहिले आहे. हातमोजे व गॉगल घालून सोडा लावला, वरून पेरॉक्साइड ओतताच फेस आला आणि तंतू काट्यांसारखे उभे राहिले. नंतर पातळ केलेल्या व्हिनेगरने व भरपूर पाण्याने धुऊन, पुरते वाळल्यावरच घासले. येथे ऑक्झॅलिक ॲसिडचा उपयोग नाही. ते लोखंडी खिळ्याभोवतीचे काळे डाग काढते, लाकडाचा स्वतःचा रंग फारसा काढत नाही.

पुन्हा विरोधक
मग उन्हालाच काम करू द्या. ज्या उन्हाने कपाट विटले, तेच पट्टीलाही फिके करील. मात्र नागपूरच्या मे महिन्यात ती उघड्या गच्चीवर ठेवू नका, तडकेल. खिडकीच्या काचेआड ठेवा.

मूळ लेखिका
पट्टीच्या उरलेल्या लाकडाचे दोन तुकडे करते : एकावर पेरॉक्साइड, दुसरा काचेआड. दिवाळीपर्यंत दोन्ही कपाटाशेजारी धरून पाहीन. तोवर पट्टी चिकटवणार नाही.