सिग्निफिकंट म्हणजे लक्षणीयच ना?

टिपकागद:
एका शोधनिबंधावर सहा मिनिटांचा व्हिडिओ करतेय. संहिता माझी, आवाजही माझाच. निष्कर्षात लिहिलं होतं, 'दोन गटांत लक्षणीय फरक आढळला.' तपासायला संशोधक बाईंकडे पाठवलं, तर त्यांनी नेमकं तेच वाक्य खोडलं. म्हणे फरक इवलासा आहे, 'लक्षणीय' ऐकून लोकांना तो मोठा वाटेल. पण त्यांच्याच निबंधात 'स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट' लिहिलंय! परवा रेकॉर्डिंग. त्या वाक्याला सात-आठ सेकंद मिळतील, आणि बोलताना तळटीप देता येत नाही. शब्द सुचवा.

काना_मात्रा:
'सार्थ' घ्या. दोन अक्षरं, काम फत्ते.

उंबरठा:
सार्थ म्हटलं की मला सार्थ ज्ञानेश्वरीच दिसते. दोन गटांत अर्थासह फरक आढळला, असं ऐकू येईल.

खोडरबर:
मग 'अर्थपूर्ण'? नको, 'अर्थपूर्ण वाटाघाटीं'नी तो शब्द कायमचा नासवलाय. 'दखलपात्र' म्हणावं तर पुढे गुन्हा शब्द आपोआप येतो.

अर्धविराम:
टिपकागद, तुमचं चुकलेलं नाही. लक्षण म्हणजे खूण. लॅटिनमधलं सिग्नम म्हणजेही खूण. एजवर्थ या संख्याशास्त्रज्ञाने 1885 मध्ये आकडेमोडीच्या संदर्भात सिग्निफिकंट वापरला, तेव्हा मुद्दा एवढाच होता की हा फरक कशाची तरी खूण आहे की नुसताच योगायोग. फरक केवढा, हा प्रश्नच वेगळा. म्हणजे 'लक्षणीय' हा सिग्निफिकंटचा सख्खा भाऊ निघाला! बाईंचं भांडण वर्तमानपत्रांशी आहे. 'लक्षणीय वाढ' लिहून लिहून त्यांनी शब्द फुगवला.

उंबरठा:
व्युत्पत्ती गोड आहे, पण जरा ओढून आणलेली. दर्शनीय, स्मरणीय तसं लक्षणीय: लक्ष द्यावं असं. आणि ऐकणारा काय धातुपाठ घेऊन बसलाय? शब्दाचा अर्थ त्याच्या कानात असतो.

काना_मात्रा:
कानात जे आहे तेच बोलायचं तर नवा शब्द कधी घडणारच नाही. सावरकरांचे महापौर, दिनांक लोकांना आधी विचित्रच वाटले असणार. आज कुणाला खटकतात?

खोडरबर:
महापौर रोज कागदोपत्री लिहिला जातो म्हणून रुळला. सहा मिनिटांत काय रुळणार? सरळ 'सिग्निफिकंट' म्हणा, पडद्यावर देवनागरीत दाखवा, सुटलात.

काना_मात्रा:
आणि ज्यांना इंग्रजी येत नाही म्हणून व्हिडिओ मराठीत करताय, त्यांनी काय करायचं?

चष्मिष्ट:
शब्द कशाला हवाय? वाक्य बोला. 'हा निकाल योगायोगाने आला असण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी आहे.' झालं.

अर्धविराम:
नाही झालं! जो तो इथेच घसरतो. आधी धरून चालायचं की फरक मुळात नाहीच, आहे तो फक्त योगायोग. मग विचारायचं, असा किंवा याहून टोकाचा निकाल कितीदा आला असता? 5 टक्क्यांहून कमी वेळा, तर सिग्निफिकंट. तुमचं वाक्य याच्या बरोब्बर उलटं आहे. आणि 5 टक्के ही काही दगडावरची रेघ नव्हे. फिशर या संख्याशास्त्रज्ञाने 1925 च्या पुस्तकात 20 त एक ही मर्यादा सोयीची म्हणून धरली आणि जग तिलाच चिकटून बसलं. 2019 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातल्या एका टिपणावर 800 हून जास्त संशोधकांनी सह्या केल्या की हा शब्दच निवृत्त करा. मूळ शब्द जायला निघालाय आणि आपण त्याचं बारसं करतोय.

उंबरठा:
थोडं अवांतर. मागे आमच्या एका व्हिडिओला यंत्राने हिंदी उपशीर्षकं लावली. 'संशोधन' शब्द तसाच राहिला, आणि हिंदीत त्याचा अर्थ दुरुस्ती. खाली कुणीतरी विचारलं, कुठल्या कायद्यात?

खोडरबर:
हा हा. पण हिंदीवाल्यांचाच अर्थ मुळाला धरून आहे. संशोधन म्हणजे शुद्ध करणं. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली, ते खरं संशोधन.

काना_मात्रा:
मग रिसर्चला काय म्हणणार? अनुसंधान? ते तर नामस्मरणात ठेवतात.

खोडरबर:
शोध म्हणा की. तुम्हीच ना मघाशी दोन अक्षरांवर खूश होता?

काना_मात्रा:
शोध म्हणजे डिस्कव्हरी. आणि हरवलेल्या माणसाचाही शोधच घेतात. तुमचा 'शोधनिबंध' म्हणजे पोलिसांचा पंचनामा का?

टिपकागद:
मंडळी, रेकॉर्डिंग उरकलं. शब्दच गाळला. 'फरक छोटा आहे, पण निव्वळ योगायोगाने असा फरक क्वचितच दिसला असता' असं बोलले आणि मागे नाणं उडवलं. सलग चार वेळा छापा पडणं 16 त एकदा, सलग पाच वेळा 32 त एकदा, म्हणजे 20 त एकची सीमा या दोन्हींच्या मधे कुठेतरी. वाक्याला अकरा सेकंद लागले, शेवटचं श्रेयनामावलीचं संगीत कापलं. बाईंनी हे वाक्य मान्य केलं. आता ॲनिमेशन करणारा विचारतोय, छापा म्हणजे नाण्याची नेमकी कुठली बाजू काढू?

खोडरबर:
चित्राची. त्यात काय विचारायचं?

काना_मात्रा:
आमच्याकडे आकड्याची बाजू म्हणजे छापा. लहानपणापासून.

उंबरठा:
आणि दुसरीला 'काटा' का म्हणतात, हे कुणी सांगेल का?