बडोद्यात राहून डीजे होता येईल का? सल्ला हवा

रावपुरा_मावशी
नमस्कार. माझा भाचा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लग्नांत आणि गणपतीत डीजे म्हणून वाजवतो, आणि खरंच छान वाजवतो. आता त्याला हाऊस, टेक्नो या यंत्रांवर वाजणाऱ्या नाचाच्या संगीतातच पुढे जायचंय. म्हणतो, गुजरातेत दारूबंदी, म्हणून क्लब नाहीत, परीक्षा झाली की गोव्याला जातो. भावजींचा हट्ट सी.ए.चा. मला भाच्याच्या बाजूने बोलायचंय, पण या लोकांचं आयुष्य कसं असतं तेच माहीत नाही. कोणाबद्दल वाचू? आणि कंट्रोलर, म्हणजे गाणी एकात एक मिसळायचं यंत्र, कोणतं घेऊन देऊ?

सुरसागर
मावशी, आधी दारूबंदीचं बघू. हे संगीत जिथे वाढलं त्यांतल्या दोन फार मोठ्या जागी दारू विकतच नसत. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँक्युसोने १९७० मध्ये राहत्या जागेतच 'द लॉफ्ट' सुरू केलं. आमंत्रण असेल त्यालाच प्रवेश, खायला फळं, प्यायला सरबत, आणि आवाज अप्रतिम. त्याच शहरातल्या 'पॅरडाइज गराज'कडेही दारूचा परवाना नव्हता. तिथे लॅरी लेव्हान १९८७ पर्यंत, म्हणजे दहा वर्षं वाजवत होता. लोक नाचायलाच यायचे, पार सकाळपर्यंत.

वाचायचं तर फ्रँकी नकल्सबद्दल वाचा. १९७७ मध्ये न्यूयॉर्कहून शिकागोला गेला आणि 'वेअरहाऊस' या एकाच क्लबात कित्येक वर्षं वाजवत राहिला. 'हाऊस' हे नाव त्या क्लबावरूनच आलं. पुढे १९९८ मध्ये ग्रॅमीने रीमिक्सरसाठी, म्हणजे असलेल्या गाण्याला नवं रूप देणाऱ्यासाठी, पुरस्कार सुरू केला, तो पहिला त्यालाच मिळाला. डीजे कार्ल कॉक्ससुद्धा २००१ ते २०१६ दर उन्हाळ्यात स्पेनच्या इबिझा बेटावरच्या 'स्पेस' क्लबात ठाण मांडून होता. माझं मत ठाम आहे: डीजे घडतो तो एका जागी, त्याच त्या लोकांसमोर, लांब रात्री वाजवून. गावोगाव तासा-तासाचे कार्यक्रम करून नाही.

लग्नात दर गाण्याला फर्माईश येते. तिथे माणसं ओळखायला शिकतो, पण रात्रभराचा चढउतार आपल्या मनाने बांधता येत नाही. ते बघायला त्याने नवरात्रात मैदानावर जावं, आणि एखाद्या दिवशी नाचू नये, नुसतं ऐकावं. संथ गरब्यापासून लय कशी चढवत नेतात, कुठे थोडी खाली आणतात, हजारो माणसं घेऱ्यात कशी धरून ठेवतात. यासाठी गोवा कशाला?

मग महिन्यातून एक रविवार, छोटा हॉल, चार तास एकट्याने. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, म्हणून दुपारीच.

मांडवी_वादक
दोन चॅनेलचा, म्हणजे एका वेळी दोन गाणी चालवणारा, साधा कंट्रोलर पुरे. पायोनिअरचा डीडीजे-एफएलएक्स४ घ्या. महागड्या यंत्राने कान तयार होत नाही. उरलेल्या पैशांत वादकांसाठी मिळतात ते कानातले बूच घ्या, हे अगदी कळकळीने सांगतो. ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबलला ती निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं! गणपतीच्या मिरवणुकीत आपली पोरं भिंतीसारख्या स्पीकरांपुढे तासन्‌तास उभी असतात. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

आणि त्याला चरणजित सिंग ऐकवा. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातला माणूस, १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ (बेसचे सूर) आणि टीआर-८०८ (ठेका) या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि ती हाऊसशी किती मिळते हे ऐकून जगभरचे डीजे थक्क झाले.

रावपुरा_मावशी
खूप आभार दोघांचे. पण भावजींची खरी भीती जागरणाची आणि व्यसनांची आहे.

फतेगंजकर
भीती खोटी नाही, ताई. लेव्हान ३८व्या वर्षी गेला. व्यसनं होती, आणि 'गराज' बंद पडल्यावर पायाखालची जमीनच गेली. स्वीडनचा डीजे अविची, त्याने तब्येतीपायी २०१६ मध्ये दौरे थांबवले, २०१८ मध्ये गेला, अवघ्या २८व्या वर्षी. विमान, हॉटेल, रात्र, पुन्हा विमान, यात माणूस मोडतो. म्हणूनच घरी राहून सुरुवात करणं मला जास्त पटतं. आईच्या हातचं जेवण, सकाळी उठवणारं कोणीतरी. बी.कॉम. मात्र पूर्ण करू द्या. करार, आगाऊ रक्कम, जीएसटी हे त्याचं त्यालाच बघावं लागणार आहे.

रावपुरा_मावशी
दांडिया बाजारात ओळखीचा हॉल आहे, रविवारी दुपारी रिकामाच असतो. उद्या भाडं विचारते. पहिल्या खेपेला भावजींनाही घेऊन येईन.