'सर्वांत सुंदर' गावं दीडशेच्या वर कशी?

कोराकागद: फ्रान्समधल्या कोलोंज-ला-रूजवरचा एक प्रवासलेख मराठीत करतेय. तांबड्या वालुकाश्मातली घरं, बुरूज, सगळं जमलं. अडले ती गावाच्या पाटीपाशी. शब्दशः 'फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं'. अशी गावं दीडशेच्या वर आहेत! सर्वांत सुंदर एकच असणार ना? संपादकांनी 'अतिसुंदर' केलंय. साबणाची जाहिरात वाटते.

आडवाट: 'सर्वांत उंच दहा शिखरं' म्हणतोच की आपण.

कोराकागद: शिखरं मोजता येतात हो. इथे फूटपट्टी कुठली?

जुनीवही: आहे ना. वस्ती २००० च्या आत, किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं, गावच्या परिषदेचा ठराव. मग पाहणी, मग मतदान. आणि हा सरकारी दर्जा नव्हे. १९८२ साली याच कोलोंजचे महापौर शार्ल सेराक यांनी काढलेल्या संस्थेचं हे सभासदत्व, वर्गणीसकट. निगा राखली नाही तर नाव वगळतात. तेव्हा 'मानांकन' लिहा, 'दर्जा' नको.

टिंब: इतक्याशा गावाला महापौर? सरपंच म्हणा.

जुनीवही: तिथे पॅरिसलाही 'मेर' आणि चिमुकल्या गावालाही 'मेर'च. आता पॅरिसचा सरपंच म्हणू?

आडवाट: मुळात 'सुंदर' कशाला, 'टुमदार' घ्या. माझी आजी टुमदार फक्त घराला म्हणायची. गावाला म्हटलं की म्हणे, 'गाव काय मुठीत मावतं का?' पण २००० वस्तीचं मावेल.

टिंब: टुमदारमध्ये जुनेपणा कुठे आला? काल बांधलेला बंगलाही टुमदारच. 'चित्रवत' बरा.

कोराकागद: चित्रवत म्हटलं की माणसं हलेनाशी होतात. 'चित्रवत स्तब्ध' डोक्यात बसलंय.

जुनीवही: युरोपातल्या शब्दाचं मूळ मात्र तेच. इटालियन 'पित्तोरेस्को', 'पित्तोरे' म्हणजे चित्रकार. इटलीतही २००१ पासून अशीच यादी आहे, पण तिथे गाव नाही, 'बोर्गो' म्हणतात.

आडवाट: बोर्गो म्हणजे आपलं 'पूर'! ब-प अदलाबदल.

जुनीवही: नाही हो. 'पुर'चं नातं ग्रीक 'पोलिस'शी, म्हणजे नगराशी लावतात. बोर्गो जर्मानिक 'बुर्ग'वरून आला आणि त्याचा लांबचा भाऊ आपल्याकडे 'बृहत्'.

आडवाट: म्हणजे चिमुकल्या गावाचं नाव 'मोठं'? पटत नाही.

जुनीवही: मोठं नव्हे, उंच. उंचावरची तटबंदी. म्हणून बोर्गोला मी 'कसबा' लिहीन.

टिंब: अरबी कशाला? मराठी शब्द संपले का?

आडवाट: 'बुरूज'ही अरबीच. तो काढा आधी लेखातून.

नवखा: 'सर्वांत' की 'सर्वात'? माझ्या पुस्तकात अनुस्वार नव्हता.

टिंब: अनुस्वार हवाच. 'सर्वां'मध्ये, म्हणून सर्वांत.

आडवाट: बोलताना कोण देतं? तुम्ही स्वतः रेकॉर्ड करून ऐका.

कोराकागद: मंडळी, लेख उद्या सकाळी द्यायचाय. पाटीचं काय करू?

टिंब: आधी अनुस्वाराचं मिटू दे.