नव्या हॅमने पहिला कॉल रिपीटरवर करावा की सिम्प्लेक्सवर?

टेकडीवरून
हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना मिळाला की सुरुवात जवळच्या रिपीटरवरच (आपला सिग्नल उंचावर पकडून पुन्हा प्रसारित करणारं स्टेशन) करावी, सिम्प्लेक्सवर (थेट रेडिओ ते रेडिओ) नाही, असं माझं ठाम मत आहे. जमिनीपासून दीड मीटरवर धरलेल्या हँडीचं (हातातल्या रेडिओचं) रेडिओ क्षितिज, म्हणजे सिग्नल सरळ पोचण्याची हद्द, जेमतेम ५ किमी. म्हणजे दोन हँडींमध्ये मोकळ्या मैदानात फार तर १० किमी, आणि इमारती मध्ये आल्या की एक-दोन किमीवरच आवाज तुटायला लागतो. तोच रिपीटरचा अँटेना १०० मीटर उंचीवर असेल तर हिशेब ४६ किमीपर्यंत जातो. पाच वॅटच्या हँडीला याहून मोठी मदत नाही.

रिपीटरच्या नोंदीतून चार गोष्टी घ्या: आउटपुट (रिपीटर ज्यावर बोलतो ती फ्रिक्वेन्सी), शिफ्टची दिशा, शिफ्ट किती (तो ज्यावर ऐकतो ती इनपुट फ्रिक्वेन्सी आउटपुटपासून किती दूर), आणि सीटीसीएसएस टोन (आवाजाखालून जाणारा, रिपीटर उघडणारा सूर). दोन मीटर बँडवर शिफ्ट बहुतेक ठिकाणी ६०० किलोहर्ट्झ असते. ७० सेंटीमीटरवर मात्र ती देशागणिक बदलते, तिथे अंदाजाने आकडा भरू नका. सगळं भरून झालं की पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबा आणि डिस्प्ले बघा (हे आधी डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी सिग्नल जिरवणारा भार लावून, केलेलं उत्तम). आउटपुट १४५.७०० मेगाहर्ट्झ आणि शिफ्ट उणे असेल, तर आकडा १४५.१०० व्हायलाच हवा. तो हललाच नाही, तर तुम्ही रिपीटरच्या आउटपुटवरच बोलताय. शिफ्टचा आकडा भरला पण दिशा बंदच राहिली, ही चूक सर्रास होते.

पावतरंग
असहमत. रिपीटर नव्या माणसाला त्याच्या स्टेशनबद्दल काहीच सांगत नाही. एस-मीटर (येणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवणारा) काठोकाठ भरतो, तो रिपीटरच्या सिग्नलने. त्याचा ट्रान्समीटर ५० वॅटचा असेल तर तुमच्या ५ वॅटपेक्षा तो १० डेसिबलने वर. तुम्हाला तो ठणठणीत ऐकू येतो, त्याला तुम्ही येतच नाही, आणि माणूस टोन तपासत बसतो.

आधी एक किमीवरच्या ओळखीच्या हॅमबरोबर सिम्प्लेक्सवर बसा. हँडी आडवी धरून बोला, मग उभी धरून. समोरच्याला लगेच फरक कळतो, कारण त्याचा अँटेना उभा असतो. मग रबर अँटेनाच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला, ४९ सेंटीमीटरची वायर जोडून खाली लोंबती सोडा. दोन मीटरसाठी ही पाव तरंगलांबी झाली. छोट्या हँडीला अँटेनाची दुसरी बाजू अपुरी पडते, ती या वायरने भरून निघते. हे सगळं रिपीटरवर करायचं म्हणजे परिसरातल्या सगळ्यांची फ्रिक्वेन्सी अडवायची.

टेकडीवरून
@पावतरंग, वायरबद्दल पूर्ण सहमत. पण रिपीटर काहीच सांगत नाही, हे पटत नाही. एफएम रिपीटर तुमचा ऑडिओ जसा येतो तसा पुढे पाठवतो. सिग्नल कमी पडला तर आवाजामागे खरखर जाते. म्हणून समोरच्याला ‘मीटर किती?’ विचारूच नये, ‘माझ्या आवाजामागे खरखर आहे का?’ असं विचारावं. आणि सिम्प्लेक्सवर ओळखीचं कोणी नसेल तर नवा माणूस बोलणार कोणाशी?

आधी_ऐका
दोघंही पीटीटीची घाई करताय. पहिला आठवडा नुसतं ऐका. कुणाची नेट (ठरल्या वेळी एकत्र बोलण्याची बैठक) कधी असते, दोन ओव्हरमध्ये (एकेकाच्या बोलण्याच्या पाळीमध्ये) किती जागा सोडतात, हे कानावर पडू द्या. ऐकताना फक्त ट्रान्समिटचा टोन चालू ठेवा, रिसिव्हचा बंद. काही रिपीटर आउटपुटवर टोन पाठवतच नाहीत. तिथे रिसिव्ह टोन लावला की स्क्वेल्च (हवा तो सिग्नल नसताना स्पीकर बंद ठेवणारी सोय) उघडतच नाही, आणि माणूस रिपीटर बंद समजतो.

दुसरं, चाचणी म्हणून नुसतं पीटीटी दाबून सोडू नका. कॉलसाइनशिवायचं (परवान्यावरच्या ओळखचिन्हाशिवायचं) प्रसारण नियमात बसत नाही, ऐकणाऱ्यालाही त्रास होतो. कॉलसाइन आणि ‘ऐकतोय’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

पावतरंग
ऐकणं हवंच, पण आठवडा संपला की बोला. तो लांबत गेला की माइकची भीती पक्की होते.

टेकडीवरून
बोलताना पीटीटी दाबून एक सेकंद थांबा. टोन ओळखून ट्रान्समीटर सुरू व्हायला रिपीटरला क्षणभर लागतो, जोडलेल्या रिपीटरांना त्याहून जास्त. घाई केली की कॉलसाइनची पहिली अक्षरंच गळतात. बोलून झाल्यावर रिपीटरची बीप येऊ द्या, मगच पुढचा ओव्हर. सलग बोलण्याला मर्यादा घालणारा रिपीटरचा टाइमर साधारण तीन मिनिटांचा असतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो बीपनंतरच शून्यावर येतो. बीपच्या आधीच पुढच्याने दाबलं की दोघांचं बोलणं मिळून टाइमर भरतो आणि रिपीटर वाक्याच्या मध्येच गप्प होतो. आवाज दबका जातोय अशी तक्रार आली तर वाइड-नॅरो सेटिंग (डेव्हिएशन, म्हणजे आवाजाने फ्रिक्वेन्सी किती हलते, ते ठरवणारं) बघा. रिपीटर ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनचा आणि हँडी नॅरोवर, हे नेहमीचं कारण.

पावतरंग
ठीक, रिपीटरवर सुरुवात करा, पण पहिल्याच दिवशी रिव्हर्सचं बटण शिकून घ्या. समोरचा बोलत असताना ते दाबलं की तुम्ही रिपीटरचा इनपुट ऐकता. तो तिथे स्वच्छ आला तर तुम्हा दोघांना रिपीटरची गरज नाही. त्याला सांगा आणि सिम्प्लेक्सवर जा. फक्त १४५.८०० ते १४६.००० मेगाहर्ट्झ हा पट्टा टाळा, तो उपग्रहांचा आहे.

आधी_ऐका
आणि नव्या फ्रिक्वेन्सीवर गेल्यावर बोलण्याआधी ती मोकळी आहे का, हे विचारा.