पूलचं पाणी रोज साडेतीन सेंटीमीटर उतरतंय. टाइल्स उखडायच्या का?

बीविंग_खजिनदार:
सोसायटीचा पूल १२ बाय ६ मीटर, वाकडला. मार्चअखेरपासून पाणी उतरतंय. टाइलवर खूण करून मोजलं, २४ तासांत साडेतीन सेंटीमीटर. म्हणजे दिवसाला अडीच हजार लिटर, चार दिवसांत दहा हजारांचा एक टँकर! कंत्राटदार म्हणतो वॉटरप्रूफिंग गेलंय, पूल रिकामा करून सगळं उखडावं लागेल. त्याचं कोटेशन अध्यक्षांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. बाजूच्या भिंतींना ओल मात्र कुठेच नाही.

तळेगावकर:
उन्हाळा आहे, वाफ होते हो.

पंपरूमवाला:
वाफेनं इतकं जात नाही. आपल्याकडे एप्रिलात सहा-सात मिलिमीटर धरा.

खजिनदारसाहेब, टाइलला हात लावू नका. अठरा वर्षं पंपरूममध्येच काढली आहेत. आधी बादली लावा. बादलीत पूलचंच पाणी भरून ती पूलच्या पायरीवर ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी मार्करनं आखा. एक दिवस पंप नेहमीसारखा चालवून मोजा, एक दिवस पूर्ण बंद ठेवून. दोन्ही दिवस वरून पाणी सोडायचं नाही आणि कुणाला पोहूही द्यायचं नाही. पोरं रडतील, रडू देत.

पंप बंद असतानाही बादलीपेक्षा पूल जास्त उतरला तर गळती टाकीत किंवा पाइपात. फक्त पंप चालू असतानाच उतरला तर मला कळवा.

बीविंग_खजिनदार:
पंप बंद: पूल ६ मिमी, बादली ६ मिमी. पंप चालू (आठ तास): पूल ३४, बादली ६.

पंपरूमवाला:
टाकी ठणठणीत आहे तुमची.

आता सँड फिल्टरवरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह बघा, सहा पोझिशनचं हँडल असतं तो. हँडल ‘फिल्टर’वर आणि पंप चालू असताना गटाराकडे जाणारी वेस्ट लाइन कोरडी हवी. साइट ग्लासमध्ये दिसतं, पण त्या काचा हिरव्या पडून आंधळ्या झालेल्या असतात. सरळ ड्रेनच्या चेंबरचं झाकण उचला. पाणी वाहत असेल तर आतलं स्पायडर गॅस्केट गेलंय. चाकाच्या आऱ्यांसारखं रबर असतं ते, एका पोर्टचं पाणी दुसऱ्यात जाऊ देत नाही. पंप चालू असताना कुणी हँडल फिरवलं की ते खोबणीतून उपटतं. कधी वाळूचा एक खडा अडकला तरी पुरतो.

आणि एक, क्लोरीन नेहमीपेक्षा जास्त लागत होतं ना? लागणारच. औषध घातलेलं पाणी गटारात आणि त्याच्या जागी टँकरचं कोरं.

बीविंग_खजिनदार:
चेंबरमध्ये करंगळीएवढी धार! क्लोरीनचं अगदी खरं, महिन्याचा डबा तीन आठवड्यांत संपला. वॉचमन म्हणतो, बॅकवॉशला (उलटं पाणी सोडून फिल्टरची वाळू धुताना) हँडल फिरवण्याआधी पंप बंद करायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पंपरूमवाला:
त्याला रागावू नका, कुणीच सांगत नाही.

व्हॉल्व्ह उघडताना पंपाचा मेन स्विच बंद करा. सक्शन आणि रिटर्न दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, फिल्टरवरच्या स्क्रूनं हवा सोडून प्रेशर गेज शून्यावर येऊ द्या. झाकण आणि बॉडीवर मार्करनं एक सरळ रेघ मारा, नाहीतर बसवताना झाकण फिरतं आणि ‘फिल्टर’च्या जागी ‘वेस्ट’ होतं. (मीही केलंय. पाऊण तासात पूल दोन इंच खाली.) झाकणाच्या ओ-रिंगला, म्हणजे गोल रबरी कडीला, सिलिकॉन ग्रीसच लावा, गाडीच्या ग्रीसनं रबर फुगतं. गॅस्केट घेताना व्हॉल्व्हचा मेक आणि साइज दाखवा, दीड इंची आणि दोन इंची वेगळं येतं.

बसवल्यावर बॅकवॉश, मग अर्धा-एक मिनिट रिन्स, मग फिल्टर. दर वेळी पंप बंद करूनच हँडल. रिन्स चुकवलं तर वाळूतली घाण पूलमध्ये येते. ‘फिल्टर’वर आणल्यावर गेजवर जो आकडा दिसेल तो भिंतीवर लिहून ठेवा. त्याच्यावर ८ ते १० पीएसआय चढलं की पुढचा बॅकवॉश. वार बघून करू नका, पाणी फुकट जातं.

बीविंग_खजिनदार:
गॅस्केटची एक आरी तुटून निघाली होती. नवं बसवलं, चेंबर कोरडं. आज पूल ७, बादली ७. गेजचा आकडा १२, वॉचमननंच खडूनं लिहिलाय.

पंपरूमवाला:
खडू पुसला जाईल. ऑइलपेंटनं लिहायला सांगा.